बंद काचांआडचा गारवा

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे. एके काळी माझा रंग निळा होता. आता तो कुठे निळा, कुठे राखाडी आणि मागच्या फळीपाशी चक्क गंजाचा आहे. माझ्यासारख्या गाड्या तुम्ही रोज पाहता. कोणी भाजी वाहते, कोणी विटा, कोणी मांडवाच्या खुर्च्या. मी मात्र मधमाश्या वाहते. एका खेपेला चोवीस पेट्या. एकेका पेटीत किती माश्या असतात ते मला विचारू नका, मला मोजता येत नाही. पण सगळ्या एकदम गुणगुणू लागल्या की माझा पत्रा न् पत्रा थरथरतो, आणि खरे सांगते, मला ते फार आवडते.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा शेवटी एक बाई माझ्या केबिनमध्ये येऊन बसल्या. त्यांनी एसी सुरू केला, समोरच्या झरोक्यातून येणाऱ्या वाऱ्यापुढे तळहात धरला, मान डोलावली आणि कागदावर खूण केली. ती माझी पहिली परीक्षा. त्यात मी पास झाले.

मला विकत घेतले ते अण्णांनी. अण्णा मधपाळ होते. जिथे फुलोरा असेल तिथे पेट्या घेऊन जायचे, फुले सरली की उचलायचे आणि पुढच्या शेताकडे निघायचे, हा त्यांचा धंदा. त्यांनी एसी असलेलीच गाडी हवी म्हटले तेव्हा विकणारा हसला होता.

"पिकअपला एसी कशाला, अण्णा? पेट्यांमध्ये काय साहेब लोक बसणार आहेत?"

"साहेब नाही, राणीसाहेब," अण्णा म्हणाले. "आणि माश्या मागे असल्या की काचा बंद ठेवाव्या लागतात. चार-दोन तरी बाहेर राहतातच, त्या थेट केबिनमध्ये घुसतात. बंद काचांमध्ये मी काय भट्टीतला पाव व्हायचं?"

विकणाऱ्याचे हसू तिथेच थांबले. मला मात्र तेव्हाच कळले, की या माणसाशी आपले जमणार.

आणि जमलेच. पुढची कितीतरी वर्षे आम्ही दोघांनी सूर्यफुलाची, तिळाची, मोहरीची शेते पालथी घातली. नवीन राणीमाश्या न्यायच्या असल्या की त्या काडेपेटीएवढ्या जाळीच्या डब्यांत असायच्या. अण्णा ते डबे शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि एसीची हवा अंगावर येईल असे बसायचे. रस्त्यात कोणी हात दाखवून बसायची जागा मागितली की म्हणायचे, "बसा, पण हळू बोला. खिशात राणी झोपलीय." बसणारा माणूस पुढच्या गावापर्यंत अण्णांच्या खिशाकडेच बघत राही.

अण्णा तसे जपून काम करणारे. फक्त एक खोड होती. एखादे काम नव्वद टक्के झाले की उरलेले ते "नंतर बघू" म्हणून सोडून देत. माझ्या उजव्या दिव्यामागे त्यांनी स्वतः मोठा हॉर्न बसवला, तेव्हाही असेच काहीसे झाले. त्याची गोष्ट पुढे येईलच.

अण्णांची मुलगी मोठी झाली आणि धंद्यात उतरली. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. ती पेट्या अण्णांपेक्षा चपळाईने उचलायची, पण गाडी अण्णाच चालवायचे. दोघांची बडबड दिवसभर चाले. कोणत्या शेतात पाणी आहे, कोणत्या पेटीतली राणी म्हातारी झाली, आई सकाळी कशावरून रागावली. मी ऐकत राही आणि थंडगार हवा सोडत राही.

मग हळूहळू माझा एसी मंदावू लागला.

आधी कोणाच्या लक्षातही आले नाही. नंतर ताई झरोक्यापुढे हात धरून म्हणू लागली, "अण्णा, हा वारा येतोय की कोणी फुंकर मारतंय?" त्यांनी मला रस्त्यावरच्या एका मेकॅनिककडे नेले. त्याला सगळे झटपट म्हणत. नावाप्रमाणे त्याने दहा मिनिटांत काम उरकले. "गॅस कमी झाला होता, भरून दिला," म्हणाला. जाताजाता त्याने डॅशबोर्डामागची धूळ अडवणारी जाळीही काढून फेकून दिली. "हिच्यामुळं हवा अडते. आता बघा, कसा सोसाट्याचा वारा येतो!"

आठ दिवस गार वारा आला. मग पुन्हा फुंकर. पुन्हा झटपट, पुन्हा गॅस, पुन्हा आठ दिवस. असे तीन उन्हाळे गेले. मला बोलता येत असते तर मी ओरडून सांगितले असते, की अहो, माझे काहीतरी दुखते आहे, जरा आत डोकावून बघा! पण गाडीचे दुखणे गाडीलाच ठाऊक. आणि सगळे आपले म्हणत, "जुनी झाली आता. चालायचंच."

चौथ्या उन्हाळ्यात ते घडले.

आम्ही उजाडता उजाडता चोवीस पेट्या घेऊन निघालो होतो. ऊन तापायच्या आत सूर्यफुलांच्या शेतात पोहोचायचे होते. पण अर्ध्या वाटेत खडीचा एक ट्रक आडवा झाला होता आणि रस्ता बंद. पुढे गाड्या, मागे गाड्या. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. माझे छत तव्यासारखे तापले. त्यातच मागचा एक पट्टा सैल होऊन एक पेटी सरकली, तिच्या दाराची जाळी निघाली आणि माश्या बाहेर पडल्या. क्षणात माझ्या काचांवर माश्याच माश्या झाल्या.

काचा उघडणे शक्य नव्हते. मी जिवाच्या आकांताने पंखा फिरवत होते, पण झरोक्यातून येत होती ती गरम वाफ. अण्णा स्टिअरिंगवर होते. ताईने त्यांना काहीतरी विचारले. त्यांनी उत्तर दिले, पण त्या उत्तराला काही अर्थच नव्हता. शब्द एकमेकांत अडकले होते. मग त्यांचा हात स्टिअरिंगवरून घसरला आणि मान बाजूला कलली. पाय ब्रेकवरून सुटला आणि मी हळूहळू पुढच्या बसकडे सरकू लागले.

ताईने हँडब्रेक ओढला. "अण्णा! अण्णा, इकडे बघा!"

अण्णा बघेनात. तिने ओढणी तोंडाला गुंडाळली, दार उघडले आणि काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढले. माश्या दोघांना डसत होत्या. पुढच्या बसचा कंडक्टर ते पाहून पाण्याची कळशी घेऊन धावत आला. माश्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. दोघांनी अण्णांना झाडाखाली नेऊन डोक्यावर, मानेवर, छातीवर पाणी ओतले. बऱ्याच वेळाने अण्णांनी डोळे उघडले आणि विचारले, "पेट्या?"

"पेट्या गेल्या खड्ड्यात!" ताई म्हणाली, आणि तिथेच रडायला लागली.

त्या दिवशी तीन पेट्यांमधले मेण वितळले आणि आतल्या माश्या मेल्या. अण्णा वाचले. डॉक्टरांनी सांगितले, उष्माघात होता, थोडक्यात निभावले. यापुढे यांना उन्हात, तापलेल्या गाडीत बसवायचे नाही.

घरी आल्यावर आईने माझ्याकडे बोट दाखवले. "विकून टाका ती. जीव घेईल एखाद्या दिवशी."

मित्रांनो, मला त्याचा राग आला नाही. मलाही तेच वाटत होते.

पुढच्या खेपेला ताई म्हणाली, "अण्णा, मी एकटीच जाते."

"बरं," अण्णा म्हणाले. एवढेच. एरवी "बरं" म्हणण्याआधी जे तासभर वाद घालत, ते एका शब्दात गप्प झाले. त्यानंतर प्रत्येक खेपेला ते फाटकापाशी यायचे, पट्टे ओढून बघायचे, माझी काच पुसायचे, ताईच्या हातात पाण्याची बाटली द्यायचे आणि मागे न बघता आत जायचे. शेजारची सीट रिकामी असायची. ताई मधूनच बोलायला तोंड उघडायची आणि पुन्हा मिटायची.

अशा तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेआधी ताई मला घेऊन बर्फाच्या कारखान्यामागच्या एका पत्र्याच्या शेडपाशी गेली. दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरने तिला ती जागा सांगितली होती. तिथे एक म्हातारे मेकॅनिक काम करायचे. जन्मभर शीतगृहांची यंत्रे दुरुस्त केली, म्हणून त्यांना सगळे गारेगार काका म्हणत. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या शेडमध्ये साधा पंखाही नव्हता. पुठ्ठ्याने वारा घेत बसले होते.

"गॅस भरायचाय, काका," ताई म्हणाली.

"का?"

"संपलाय."

काकांनी पुठ्ठा खाली ठेवला. "ताई, गॅस म्हणजे काय कपातला चहा आहे, प्यायला की संपला? नळ्या बंद असतात, गॅस आतल्या आत फिरत असतो. तो संपत नाही. निसटतो. कुठून निसटतो ते आधी बघू, भरायचं मागनं बघू. दोन दिवस लागतील. घाई असेल तर दुसरीकडं जा."

"घाई नाही," ताई म्हणाली. खरे तर फुलोरा सुरू झाला होता आणि घाई होती. पण ती तसे म्हणाली, आणि त्या दोन शब्दांसाठी मी तिची जन्मभर ऋणी आहे.

काकांनी माझे बॉनेट उघडले. आधी कशालाही हात न लावता ते नुसते बघत राहिले, जसा चांगला डॉक्टर आधी रोग्याचा चेहरा बघतो. मग त्यांनी इंजिनाशेजारच्या कॉम्प्रेसरची पुढची चकती बोटांनी फिरवली. मी श्वास रोखला. इतके दिवस गॅसशिवाय, तेलाशिवाय फिरल्यावर कॉम्प्रेसर जळून जातो. तोच गेला असता तर पुढे काही बघण्यात अर्थ नव्हता.

चकती गरकन फिरली.

"काळीज शाबूत आहे हिचं," काका म्हणाले. ताईने माझ्या बॉनेटवर हात ठेवला, ते मला जाणवले.

मग त्यांनी माझ्या नळ्यांमध्ये दाबाने हवा भरली आणि ब्रशने प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. जिथे छिद्र असेल तिथे बुडबुडे येणार. एकही बुडबुडा आला नाही. दाबाचा काटा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलेला होता. "चोर घरातच आहे," काका म्हणाले. "फक्त आपल्याला दिसत नाही."

त्या सकाळी ताईने अण्णांनाही बरोबर आणले होते. ऊन चढायच्या आत, रिक्षाने. "तुम्हाला हिची सगळी माहिती," असे निमित्त काढून. अण्णा एका खोक्यावर बसून गप्प बघत होते. काकांनी उजवा दिवा काढला, मागे हात घातला आणि थांबले. नळी तिथे उघड्या पत्र्याला घासत होती. काकांनी फेस लावला. मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक बाहेर येऊ लागले.

"हे बघा. इथं नळीला धरायला पट्टी असते, पट्टीत रबर असतं. पट्टी आहे, रबर नाही. एवढी वर्षं पत्र्यावर घासून घासून नळीला भोक पडलंय. कोणी काढलं असेल रबर?"

मग खोक्यावरून आवाज आला. "मी."

ताईने वळून पाहिले.

"हॉर्न बसवताना काढलं होतं," अण्णा म्हणाले. "हात पोहोचत नव्हता. म्हटलं, नंतर लावू."

त्यांचा चेहरा मला बघवेना. माझ्या मनात आले, आता ताई काहीतरी बोलेल. बोलायला जागाही होती. ती उठली, अण्णांच्या शेजारी खोक्यावर टेकली आणि म्हणाली, "आणि तीन वर्षं एसी चालत नव्हता, तेव्हा मी काय करत होते? गॅस भरून आणत होते. सरका जरा."

काकांनी नळी बदलली. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून नवे रबर केले आणि ते अण्णांच्या हातात दिले. "घाला. आता मी दिवा काढलाय, हात पोहोचेल." अण्णांनी रबर बसवले, पट्टी आवळली, हलवून बघितली. पुन्हा आवळली.

पण काम संपले नव्हते. काकांनी डॅशबोर्ड खोलला आणि आत वाकले. "अरे देवा! ताई, इथं तर पोळं लागायचं बाकी आहे!" जिच्यावरून हवा जाऊन गार होते ती माझी जाळीदार कॉइल धुळीने, मेणाच्या कणांनी आणि वाळलेल्या मधमाश्यांनी गच्च भरली होती. झटपटने फेकून दिलेली जाळी ज्या जागी असायची, त्याच वाटेने सगळे आत आले होते. ताईने ओंजळ पुढे केली. काकांनी तीत मूठभर वाळक्या माश्या ठेवल्या. ती बाहेर गेली आणि शेडमागच्या कुंडीतल्या मातीत त्या पुरून आली.

कॉइल धुतली. नवी जाळी बसली. नळ्यांमधली हवा पंपाने खेचून काढायला तास गेला. मग तेल, मग गॅस, काट्यावर तोलून, ना जास्त ना कमी. काकांनी किल्ली फिरवली, एसीचे बटण दाबले. माझ्या पोटात "टक्" असा आवाज झाला. किती दिवसांनी ऐकला मी तो! आणि माझ्या झरोक्यांतून गार वारा सुटला.

"अण्णा, उद्या निघायचं," ताई हसत म्हणाली. "तुम्ही पण."

"नको. तू जा."

"आता एसी झालाय की."

"एसीचं नाही गं." अण्णा खाली बघत होते. "त्या दिवशी माझा हात सुटला होता. तू शेजारी होतीस."

एवढे दिवस ताईला वाटत होते, की आपण अण्णांना घरी बसवले. खरे तर ते स्वतःच घाबरून बसले होते.

गारेगार काकांनी फडक्याला हात पुसले. "ते तुमचं तुम्ही बघा. माझी परीक्षा अजून व्हायचीय. गाडी उन्हात तासभर चालू ठेवून बघावी लागते. ताई मला बाहेर, दाबाच्या काट्यांपाशी लागणार. आत थर्मामीटर धरून कोण बसणार? मला तर एसी सोसत नाही, शिंका येतात. अण्णा, तुम्ही बसा. दर पाच मिनिटांनी कागदावर आकडा लिहून काचेला लावा. काच उघडू नका, आकडा चुकतो."

अण्णा उठले. कामाला नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते माझ्या डाव्या सीटवर बसले. त्या बाजूला ते आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते. दार लागले. काचा बंद. भर दुपारचे ऊन.

पहिला कागद काचेला लागला : एकेचाळीस. अण्णांचा दुसरा हात दाराच्या कडीवर घट्ट होता. मला त्यांच्या बोटांचा घाम कळत होता. मी ठरवले, आज जीव गेला तरी चालेल, पण हा माणूस आत गार राहिला पाहिजे. चौतीस. अठ्ठावीस. हात कडीवरून निघाला. पंचवीस. त्यांनी पाय पसरले. तेवीस. त्या कागदावर त्यांनी आकड्याखाली एक मधमाशीही काढली होती. ताई बाहेर घामाने निथळत होती आणि हसत होती.

मग कागद यायचे थांबले.

पाच मिनिटे झाली. सात झाली. "काका, आकडा आला नाही," ताई म्हणाली. तिने काचेतून वाकून पाहिले. अण्णांची मान बाजूला कलली होती. अगदी त्या दिवसासारखी. "अण्णा!" ती धावली, खाडकन दार उघडले आणि त्यांचा खांदा धरून हलवला.

अण्णांनी एक डोळा उघडला. ते घोरत होते.

"काय झालं? दार लाव आधी," ते म्हणाले. "सगळा गारवा चाललाय बाहेर."

ताईने दार लावले आणि त्याच दाराला टेकून ती जमिनीवर बसली. रडते आहे की हसते आहे, ते काकांना कळेना. मला कळत होते. दोन्ही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. ताई स्टिअरिंगवर, अण्णा डावीकडे. अण्णांनी पहिल्या दहा मिनिटांत गिअर कसा टाकावा यावर तीन सूचना केल्या आणि ताईने तिन्ही धुडकावल्या. पुढे एका रेल्वे फाटकापाशी पाऊण तास थांबावे लागले. ऊन होतेच. चार-दोन माश्या काचेवर फिरत होत्या. आत बापलेक कोणत्या पेटीतली राणी बदलायची यावर भांडत होते. मी गार वारा सोडत उभी होते आणि मनात म्हणत होते, फाटक अजून थोडा वेळ बंदच राहू दे.

मित्रांनो, आता माझी चाके झिजली आहेत आणि चढावर मला दम लागतो. पण मी सुखात आहे. तुमच्याकडे मागायचे असे फार काही नाही. तुमच्या घरी एखादी गाडी, पंखा, शेगडी, काहीही असो, तिचा आवाज बदलला, जोर कमी झाला, तर "जुनी झाली" म्हणून मोकळे होऊ नका. वरवरची भर घालून आठ दिवस ढकलू नका. तिच्यापाशी जरा बसा आणि कुठे घासते आहे ते शोधा. आणि घरातले कोणी एरवी बोलणारे माणूस एका शब्दावर आले असेल, तर त्याच्यापाशीही बसा. त्याला हाताशी एखादे काम द्या.

एवढे कराल ना?